मामंजींचं इंग्रजी

सोम. ६ जाने. ८६

नवी वही. ह्यांच्या कंपनीत औषधांच्या एका वितरकाने वाटलेली डायरी, मुखपृष्ठावर खोकल्याच्या औषधाची बाटली. हे म्हणाले, "मला नको, तू घे." घेतली.

आज ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर गर्दी. दिल्लीचा ट्रंक कॉल तीनदा तुटला. चौथ्यांदा लागला तेव्हा सेल्सचे मेहता साहेब समोरच्याला म्हणत होते, "आय विल फाइट टु द बिटर एंड." मी कुणाचं ऐकत नाही, पण लाइन जोडताना दोन सेकंद कानावर पडतंच. टेलिफोन ऑपरेटर होऊन अकरा वर्षं झाली, हे वाक्य शंभरदा पडलं असेल कानावर. आजच अडकलं. बिटर म्हणजे कडू. शेवट कडू कसा? कारलं कडू, औषध कडू. शेवट वाईट असेल, रडवणारा असेल, पण कडू...

जेवणाच्या सुट्टीत पर्सोनेलच्या मिस डिसोझांना विचारलं. म्हणाल्या, "इट्स जस्ट अ‍ॅन एक्स्प्रेशन, शालिनी." म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही. मला वाटायचं मी मराठी शाळेतली, म्हणून अडते. आज वाटलं, जे अडत नाहीत त्यांनी कधी विचारलेलंच नसतं.

शनि. ११ जाने.

हाफ डे. मरोळच्या ऑफिसातून बस पकडून थेट अंधेरी स्टेशनजवळच्या लायब्ररीत. तिथे वाचनाच्या टेबलावर एक जुना इंग्रजी कोश आहे, पुठ्ठा गेलेला, दोन हातांनी उचलावा लागतो. घरी देत नाहीत. उभ्यानेच पाहिलं.

बिटर. कडू, हा एक अर्थ. खाली दुसरा, बारीक टाइपात: जहाजावर नांगराच्या दोराचा बिट्सभोवती घातलेला वेढा. त्या बाजूचं दोराचं टोक ते बिटर एंड. कडूचा संबंध नाही, किंवा असला तर नंतर चिकटलेला.

आता बिट्स म्हणजे काय? लायब्ररीतल्या साठे काकांना विचारलं. चष्मा वर करून म्हणाले, "जहाजावरचं काहीतरी असणार. मी कल्याणचा. मला काय विचारता?"

रवि. १२ जाने.

हे लिहायलाच हवं.

मामंजी गणपतीनंतर गावाहून आमच्याकडे आले. सासूबाई गेल्या, देवगडकडचं घर बंद केलं, ह्यांनी हट्ट करून आणलं. तेव्हापासून गॅलरीत स्टुलावर. चहा दिला की "ठेव". जेवण झालं की "हां". दिवसभरात सात-आठ शब्द. हे म्हणतात, बाबा पहिल्यापासून असेच. मीनल तेरा वर्षांची, आजोबांशी बोलायला जाते आणि दोन मिनिटांत परत येते.

त्यांनी एकतीस वर्षं बोटीवर काढली. शेवटी टंडेल होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. हे मला लग्नापासून माहीत. तरी काल घरी येईपर्यंत डोक्यात आलं नाही की बिट्स काय हे विचारायला माणूस घरातच बसलाय.

सकाळी चहा देताना विचारलं, "मामंजी, बोटीवर बिट्स म्हणून काही असतं का?"

माझ्याकडे पाहिलं. मग उठले. स्टूल उलटं करून पाय वर केले. कपडे वाळत घालायची दोरी सोडली, ओले टॉवेल माझ्या हातात दिले. "ह्ये दोन पाय म्हणजे बीट. पुढच्या डेकार आसतत, लोखंडाचे. नांगराचो दोर हंय गुंडाळतत." दोरीचे वेढे घातले, पुढचं टोक मीनलच्या हातात दिलं. "तू नांगर. चल, जा खोल पाण्यात." मीनल स्वयंपाकघराकडे चालू लागली. वेढे एकेक सुटत गेले. मामंजींच्या मुठीत अखेर वीतभर टोक उरलं.

"ह्या टोक इला की समज, आता सोडूक काय रवला नाय. मगे होयत ता होयत."

"ह्यालाच बिटर एंड म्हणतात का?"

"होय. कडू बिडू काय नाय गो. बीटाचा टोक ता."

मेहता साहेब असं म्हणत होते तर: दोर संपेपर्यंत लढेन.

टॉवेल खुर्च्यांवर वाळवले. दोरी दुपारपर्यंत स्टुलालाच.

बुध. १५ जाने.

काल संक्रांत. तिळगूळ देताना मामंजी म्हणाले, "आणि काय नवीन?" मला वाटलं तब्येतीचं विचारतायत. शब्दाचं विचारत होते.

सोम. २० जाने.

शनिवारी परत कोश. 'डंगरी' शोधला, कारण मामंजींच्या ट्रंकेत त्यांची बोटीवरची निळी जाडी पँट आहे, तिला ते डंगरी म्हणतात. कोश म्हणतो, हिंदुस्थानी शब्द, जाडंभरडं सुती कापड. मुंबईतल्या डोंगरी भागावरून नाव पडलं.

सांगितलं. मामंजींनी डंगरी ट्रंकेतून काढली. "डोंगरी? आमची खोली थंयच होती. बोटीवरसून उतरलंव की थंयच." मग हसायला लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं, बारीक आवाजात हसतात. "आमच्या हंयचा कापड विलायतेक गेला, साहेबाचा नाव घेवन परत इला, आणि माकाच डंगरी म्हणान घालूक दिल्यानी."

हे ऑफिसातून आले तेव्हा आम्ही दोघं ट्रंक उघडून बसलेलो. म्हणाले, "काय चाललंय?" सांगितलं. म्हणाले, "छान आहे." पेपर उघडला. पण पान उलटलं नाही बराच वेळ, ऐकत होते.

रवि. २६ जाने.

वहीच्या मागून यादी सुरू केली. आतापर्यंत:

मंगूस. इंग्रजीत मुंगसाला मंगूस म्हणतात, तो शब्द मराठीतूनच गेला. मीनल शाळेत बाईंना सांगणार आहे.

डूलॅली. आमचे म्हातारे पारशी डायरेक्टर बावाजी फोनवर कुणाला तरी म्हणाले, "ही हॅज गॉन डूलॅली," म्हणजे डोकं फिरलंय. हे आपलं देवळाली. विलायतेला परत जाणारे गोरे सोल्जर तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडायचे आणि वेडेपिसे व्हायचे. नाशिकला जाताना देवळाली किती वेळा लागलं, आम्ही तिथे वडे खाल्ले.

टेकन अबॅक. म्हणजे दचकून थबकणं. हा मामंजींचा. लहानपणी चुलत्यांच्या गलबतावर असायचे तेव्हा शिडं होती. वारा अचानक फिरून समोरून आला की शीड उलटं फुगून डोलकाठीवर आपटतं, होडी जागच्या जागी थांबते. त्यांनी उशीचा अभ्रा पंख्यासमोर धरून दाखवला. कोशातही नेमकं तेच. मी म्हटलं, "तुम्हाला इंग्रजी येतं की." म्हणाले, "इंग्रजी नाय येत गो. ता काय करतत ता येता."

सोम. ३ फेब्रु.

मिस डिसोझांनी माझी वही पाहिली. बोर्डावर उघडी राहिली होती, माझीच चूक. वाटलं आता ओरडणार, फोनवरचं लिहून घेते म्हणून. त्यांनी यादी वाचली. डंगरीपाशी थांबून म्हणाल्या, "इज दॅट रिअली ट्रू?" मग म्हणाल्या, कंपनीच्या मासिकात एक पान दे. मराठीत लिही, इंग्रजी मी करते, दोन्ही छापू.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "दे ना." मामंजींनी फक्त स्टूल माझ्याकडे सरकवलं. म्हणजे बस आणि लिही.

शनि. ८ फेब्रु.

लेख लिहून झाला. बिटर एंड, डंगरी, देवळाली, टेकन अबॅक. एका शब्दाची जागा उरली होती. मामंजी म्हणाले, "पॉश लिव."

पॉश सगळेच म्हणतात. पॉश बिल्डिंग, पॉश एरिया. त्यांनी सांगितलं: ते काही वर्षं पॅसेंजर बोटीवर होते, विलायत ते मुंबई. श्रीमंत लोक येताना डाव्या बाजूची केबिन घ्यायचे आणि परत जाताना उजव्या बाजूची, म्हणजे उन्हाची बाजू चुकायची. डावी म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. चारी शब्दांची पहिली अक्षरं जोडली की पॉश. तिकिटावर तसा शिक्का असायचा.

किती छान. लिहून टाकलं. लायब्ररीत जायला हवं होतं, पण मजकूर सोमवारी द्यायचा आणि आज ह्यांच्या मावशी आलेल्या. राहिलं.

सोम. ३ मार्च

मासिक आलं. माझं नाव, खाली एक ओळ: 'माहिती साहाय्य: लेखिकेचे सासरे, निवृत्त टंडेल.' ही ओळ मी घातली होती, मिस डि. नी काढली नाही. अकाउंट्समधली मुलं बोर्डापाशी येऊन म्हणाली, "बाई, पॉश झकास आहे." बावाजींनी स्वतः फोन करून देवळालीबद्दल सांगितलं, त्यांचे एक काका म्हणे खरंच तिथे छावणीत होते.

दोन अंक घरी आणले. मामंजींनी त्यांचं पान बोट लावून वाचलं, मराठी सावकाश वाचतात. मग अंक घडी न घालता पिशवीत घातला आणि खाली गेले. तासाभराने आले. खालच्या वाण्याला, इस्त्रीवाल्याला आणि समोरच्या इमारतीच्या वॉचमनला दाखवून आले होते.

सोम. १७ मार्च

वाट लागली.

मासिकाच्या पत्त्यावर पत्र आलंय, मिस डि. नी दाखवलं. श्री. करंदीकर, आमचे निवृत्त चीफ अकाउंटंट, आता मुलुंडला असतात. मी लागले त्या वर्षीच ते रिटायर झाले. इंग्रजीत टाइप केलेलं. म्हणतात, पॉशची ही कथा सगळीकडे सांगितली जाते, पण तिला काडीचाही आधार नाही. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. शेवटची ओळ: ही खलाशाची यार्न आहे, जबाबदार मासिकाने छापू नये. यार्न म्हणजे थापा.

मिस डि. म्हणाल्या, "फर्गेट इट. नोबडी केअर्स." पण मी केलेली चूक आहे. लायब्ररीत गेले असते तर...

घरी ह्यांना हळू आवाजात सांगत होते. मामंजी दारात उभे होते, मला दिसले नाहीत. म्हणाले, "काय लिवलाहा त्येणी? वाच." वाचलं. यार्नचा अर्थ विचारला. ह्यांनी सांगितला.

"मी खोटा सांगूक नाय," म्हणाले. गॅलरीत गेले.

मंगळ. १८ मार्च

"ठेव." "हां."

मासिक पिशवीतून काढून ट्रंकेत तळाशी घातलंय. मीनलने विचारलं, "आजोबा, आज शब्द?" नाही म्हणून मान हलवली.

मला करंदीकरांचा राग येतोय आणि ते बरोबर आहेत.

शनि. २२ मार्च

लायब्ररीत तीन तास. साठे काकांनी कपाटातून आणखी दोन कोश काढून दिले, एक तर कुलुपातला.

पॉश. तिन्हीत पाहिला. एकात म्हटलंय, जुन्या बोलीत छानछोकी माणसाला पॉश म्हणत, तिथून आला असेल. दुसऱ्यात, जिप्सींच्या भाषेतला शब्द असेल. दोन्हीपुढे प्रश्नचिन्ह. तिसऱ्या, सगळ्यात जाड्या कोशात सरळ लिहिलंय: उगम अज्ञात. बोटीची कथा दिलीय, आणि पुरावा नाही असं म्हटलंय.

मला इतकं हलकं वाटलं. अज्ञात. एवढे मोठे पंडित, एवढं जाड पुस्तक, आणि छापून ठेवलंय की आम्हाला माहीत नाही.

यार्न पण पाहिला. यार्न म्हणजे सूत, दोरा. बोटीवर खलाशी जुने दोर उसवून सूत वळत बसायचे तेव्हा गोष्टी सांगायचे. त्यावरून गोष्टीलाच यार्न म्हणू लागले असावेत. थापा हा अर्थ मागाहूनचा.

रवि. २३ मार्च

मामंजींना वर्सोव्याला नेलं. "मला मढला जायचंय, सोबत हवी," एवढंच सांगितलं. आले. हे आणि मीनल घरी थांबले.

फेरीची होडी भरायला वेळ होता. कोळीवाड्याच्या धक्क्यावर मासेमारीच्या बोटी, एक म्हातारा कोळी जाळं शिवत बसलेला. मामंजी त्याच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. दोघं बराच वेळ बोललेच नाहीत. मग कोळ्याने सुतळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, धर म्हणून. त्यांनी धरलं. मग वळायला लागले. आणि बोलायला लागले, दोघंही. मी लांब उभी राहून शेंगदाणे खाल्ले.

होडीत बसल्यावर यार्नचं सांगितलं. म्हणाले, "ता मात्र खरा. हातात सूत आसला की तोंड सुटता." मग स्वतःहून पॉशवर आले.

पॅसेंजर बोटीवर एक सेकंड ऑफिसर होता, तरुण गोरा. एका दुपारी मामंजी केबिनच्या बाहेर रंग लावत होते. त्यांनी विचारलं, सगळ्या श्रीमंतांचं सामान एकाच बाजूला कसं? त्या ऑफिसरने डेकवरची खुर्ची ओढली. "माका म्हणालो, बस टंडेल. मी तेव्हा टंडेल नव्हतंय, नुसतो खलाशी. खुर्चेर बसवल्यान आणि पॉश काय ता सांगल्यान. येक येक अक्षर लिवन दाखवल्यान." मग, "एकतीस वर्सात बस म्हणणारो तो एकटोच."

होडी मढच्या बाजूला लागत होती.

मग म्हटलं, "त्याने थाप मारली नाही मामंजी. त्यालाही कुणीतरी असंच सांगितलं असेल. आणि खरं काय ते कुणालाच माहीत नाही."

"करंदीकराक?"

"त्यांनाही नाही. पुस्तकातच लिहिलंय, उगम अज्ञात म्हणून."

"इतक्या जाड्या पुस्तकात?"

"सगळ्यात जाड्या."

"मगे तसाच लिव. आमका म्हायत नाय, असा लिव. ता लिवक लाज कसली?"

मढला उतरून नारळपाणी घेतलं, समोरच्या बंगल्यात शूटिंगचे दिवे लागलेले, दिवसाढवळ्या. त्याच होडीने परत. छान दिवस.

सोम. २४ मार्च

मिस डि. ना म्हटलं, दुरुस्ती छापायचीय. म्हणाल्या, "शालिनी, पुढच्या अंकात कशाला उकरून काढतेस? लोक विसरले." मी म्हटलं, करंदीकर विसरलेले नाहीत आणि माझे सासरे विसरलेले नाहीत. बोर्डावर तीन दिवे एकदम लागले, बोलणं तिथेच तुटलं. संध्याकाळी जाताना म्हणाल्या, "ओके, टेन लाइन्स."

शनि. २९ मार्च

दहा ओळी. मी लिहिल्या, मामंजींनी ऐकल्या, दोनदा बदलायला लावल्या. मी लिहिलं होतं, 'चुकीची माहिती दिली गेली.' म्हणाले, कुणी दिली? आपण दिली. तसं लिहिलं: 'पॉश शब्दाची गोष्ट आम्हाला बोटीवरच्या एका अधिकाऱ्याने सांगितली होती. आम्ही ती पडताळली नाही, ही आमची चूक. तिला पुरावा नाही. हा शब्द कुठून आला हे कुणालाच माहीत नाही.' मग यार्नवर तीन ओळी.

खाली दोघांची नावं. त्यांनी मसुद्यावर सही पण केली, सह्यांची गरज नसताना. अक्षर थरथरलं तर कागद बदलून पुन्हा केली.

सोम. १४ एप्रिल

आज सुट्टी. मीनलच्या बाई आल्या होत्या घरी, सहज. मुंगसाचं त्यांना पटलं नव्हतं म्हणून त्यांनीही पाहिलं, आणि आता दर शुक्रवारी वर्गात फळ्यावर एक शब्द लिहितात. मामंजी आतल्या खोलीत होते. बाई गेल्यावर म्हणाले, "बाईक चाय दिलंस मा?"

ह्यांचा नवा छंद: जेवताना शब्द फेकतात. "कॉट?" मी: खाट. "लूट?" लूट. "शॅम्पू?" मामंजी: "चंपी, चंपी." हे हरले की आमटी वाढून घेतात.

मंगळ. ६ मे

दुरुस्तीचा अंक शुक्रवारी पोचला असणार. आज अकरा वाजता बोर्डावर बाहेरची लाइन. "कोणाशी बोलायचंय?" "ऑपरेटर बाईंशीच. मी करंदीकर, मुलुंडहून."

म्हणाले, "मी जरा जास्त कडक लिहिलं. आयुष्यभर लोकांच्या चुका शोधायचं काम केलं, सवय जात नाही." मग म्हणाले, "यार्नचं मला माहीत नव्हतं. मी तो शब्द शिवी म्हणून वापरला."

मी म्हटलं, "तुमच्यामुळेच शोधला."

"तुमच्या सासऱ्यांना एक विचारायचं होतं. बाय अँड लार्ज. आम्ही ऑडिटमध्ये दर पानावर लिहायचो. बाय कसला आणि लार्ज कसला?"

दोन दिवे लुकलुकत होते. "उद्या याच वेळी फोन करा," म्हटलं.

घरी विचारलं. इंग्रजी शब्द त्यांना माहीत नव्हते, पण मागे कोश चाळताना मी वाचलं होतं की हे शिडाच्या जहाजाचं बोलणं आहे, तेवढं सांगितलं. लगेच म्हणाले, "वारो तोंडार घेवन चलता ता एक आणि वारो पाठीर घेवन चलता ता एक. दोन्ही तऱ्हेन बरा चलता, ती होडी बरी." म्हणजे एकंदरीत. सगळ्या बाजूंनी पाहता. अगदी बरोबर बसतं.

बुध. ७ मे

करंदीकरांचा फोन अकराला. उत्तर सांगितलं, मामंजींच्याच शब्दांत. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "मला त्यांना भेटायचंय. मुलुंडहून अंधेरी काही लांब नाही."

म्हटलं, "ते रविवारी गावी चाललेत. पुतण्याच्या मुलाचं लग्न. महिनाअखेर आले की या."

"येतीलच ना?"

हो म्हटलं.

शनि. १० मे

ट्रंक भरली त्यांनी. मी म्हटलं, लग्नाला पिशवी पुरे. म्हणाले, "घर पण बघूक व्हया. कौला." डंगरी घेतली, दोन्ही मासिकं घेतली.

हे मला स्वयंपाकघरात म्हणाले, "एकदा गेले की यायचे नाहीत. तिथे त्यांचं सगळं आहे." तिथे सगळं आहे हे खरंच. इथे काय आहे? एक स्टूल, मी, मीनल, शनिवार.

रवि. ११ मे

सकाळी एस.टी.त बसवलं. खिडकीतून मला म्हणाले, "शालू, जाडा पुस्तक बघीत रव." गाडी हलली. आम्ही तिघं उसाचा रस प्यायलो. बरं वाटलं खरं म्हणजे, त्यांचा चेहरा टवटवीत होता.

गुरु. २२ मे

बोर्डावर शांतता, साहेब लोक सुट्टीवर. मेहता साहेबांना आज विचारलंच, बिटर एंड म्हणजे काय माहीत आहे का? लेख त्यांनी वाचलाच नव्हता. सांगितलं. फोन हातात तसाच. "तो फिर तो ठीक है," म्हणाले, "दोर अजून आहे."

करंदीकरांचा फोन. आले का? नाही अजून.

सोम. २ जून

गावाहून अंतर्देशीय. अक्षर त्यांचं नाही, गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून लिहवून घेतलंय, तरी बोलणं त्यांचंच.

लग्न झालं. पंगतीत भात कमी पडला, मग पुन्हा टाकला. कौलं शाकारली. विहिरीचा रहाट नवा केला. मीनलचा नंबर काय आला ते कळवा. मग:

'हे मास्तर म्हणतात, तुफान हा शब्द इंग्रजी टायफूनवरून आपल्याकडे आला. मी म्हणतो, आपला त्यांच्याकडे गेला. वाद झाला आहे. मी सांगितलं, आमच्या शालूला विचारतो, मगच बोलतो. तोवर दोघांनी गप्प राहायचं ठरलं आहे. मास्तर हे लिहिताना हसत आहेत, पण त्यांना धाकधूक आहे.'

खाली सही. थरथरलेली नाही.

हे म्हणाले, "येणार कधी ते लिहिलंय का?" दोन्ही बाजू उलटून पाहिल्या. नाही.

शनिवारी लायब्ररी. मला थोडं आठवतंय, अरबी, पोर्तुगीज, चिनी, सगळ्यांचीच त्यात सरमिसळ आहे, म्हणजे बहुतेक दोघंही थोडे बरोबर निघणार. नीट पाहीन. उत्तर पत्राने लगेच धाडावं, की ते येईपर्यंत राखून ठेवावं, अजून ठरत नाही.